एका जहाजावर इतकी वेगवेगळी विमानं कशाला?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त मधले अडखळणं आणि पुन्हापुन्हा आलेली वाक्यं काढलीत.)

वडूजहून बोलतोय. बाहेर येरळेचं पात्र नेहमीसारखं कोरडं आहे, आणि आज मी तुमच्याशी बोलणार आहे समुद्राबद्दल. हसू नका. खटाव-माणच्या माणसाला समुद्राचं अप्रूप जरा जास्तच असतं.

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गोव्याला गेलो. सगळे बीचवर जायच्या घाईत, आणि मी मात्र त्यांना दाबोळी विमानतळाच्या पलीकडे, बोगमाळोच्या रस्त्यावर घेऊन गेलो. तिथं नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली सुरू झालं. मोकळ्या आवारात जुनी विमानं मांडून ठेवलीत. बायको म्हणाली, "एस.टी. डेपोत आणलंय होय आम्हाला?" पण माझी लेक, सातवीत आहे, ती मात्र एकेका विमानापाशी थांबून पाटी वाचत होती. सी हॉक. अलिझे. सी हॅरियर. शेवटी मला म्हणाली, "पप्पा, ही सगळी एकाच बोटीवर होती?" म्हटलं, एकाच वेळी सगळी नव्हती, पण हो, विक्रांतवर ही तिन्ही उतरलीत. तर म्हणाली, "मग एवढी वेगवेगळी कशाला? एकच चांगलं घ्यायचं आणि तीच वीस ठेवायची ना!"

प्रश्न साधा होता, पण तिथल्या तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर पुस्तकं काढली. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. उत्तर लांबलं, आणि त्यात माणसांचे जीव गेल्याची गोष्टही आली. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

गावगाडा आणि जहाज

आपल्याकडं जुन्या गावात बारा बलुतेदार असायचे. त्यातली जातीची उतरंड वाईटच होती, तिचं कौतुक करायचं नाही. पण कामाची वाटणी बघा. लोहाराचं काम सुताराला जमत नव्हतं, आणि सुताराचं कुंभाराला. गावात वीस लोहार आणि एकही सुतार नाही, असं झालं असतं तर नांगराचा फाळ धारदार मिळाला असता, पण तो बसवायला नांगरच नसता.

विमानवाहू जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारं असंच एक गाव. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर. तिथं मदतीला शेजारचं गाव नाही. त्यामुळं लागणारा प्रत्येक कारागीर बरोबर घेऊनच निघावं लागतं. शत्रूचं विमान पाडणारा एक, त्याच्या बंदरावर बॉम्ब टाकणारा एक, पाण्याखालची पाणबुडी शोधणारा एक, लांबचं बघून सावध करणारा एक, आणि आपलाच वैमानिक समुद्रात पडला तर त्याला उचलून आणणारा एक.

एकच विमान ही सगळी कामं करेल का? इथंच खरी अडचण आहे. लढाऊ विमानाला वेग हवा. पाणबुडी शोधणाऱ्याला वेग नको, त्याला सावकाश, खालून, तासन्‌तास घिरट्या घालता आल्या पाहिजेत. लांबचं बघणाऱ्याला मोठा रडार आणि तो चालवणारी दोन-तीन माणसं वागवता आली पाहिजेत. आणि माणूस उचलणाऱ्याला हवेत एका जागी थांबता आलं पाहिजे. या गुणांचं एकमेकांशी पटत नाही. शर्यतीच्या खोंडाला मोटेला जुंपून चालत नाही, तसंच.

विक्रांतचा पहिला संसार

आता आपल्या विक्रांतकडे येऊ. पहिली विक्रांत, बरं का. नवीचं नंतर बोलू.

हे जहाज ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलं. नाव होतं 'हर्क्युलिस'. १९४५ च्या सप्टेंबरात ते पाण्यात उतरलं, पण युद्ध संपलं होतं, त्यामुळं अर्धवटच पडून राहिलं. १९५७ साली भारतानं ते विकत घेतलं, बेलफास्टच्या गोदीत पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते 'आयएनएस विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झालं. याच विजयालक्ष्मीबाई पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. नोव्हेंबर १९६१ मध्ये विक्रांत मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू होते.

जहाज ब्रिटिश, पण त्यावरची विमानं दोन देशांची. लढायला आणि बॉम्ब टाकायला ब्रिटिश 'सी हॉक': एकच वैमानिक, एकच जेट इंजिन, ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास वेग. १८ मे १९६१ रोजी विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी उतरवलं. पुढं ते नौदलप्रमुख झाले.

आणि पाणबुडी शोधायला फ्रेंच 'अलिझे'. पुढं पंखा असलेलं, तिघांना घेऊन उडणारं, सी हॉकच्या जवळपास निम्म्या वेगाचं विमान. पोटाखाली रडारचा घुमट, तो हवा तेव्हा खाली सोडायचा. अलिझे म्हणजे फ्रेंचमध्ये व्यापारी वारे. नाव छान, पण दिसायला ओबडधोबड. संग्रहालयात माझी लेक त्याच्यापुढून पटकन निघून गेली. मीही पूर्वी तसाच निघून गेलो होतो. पण हेच विमान चार-पाच तास हवेत राहून समुद्र पिंजून काढायचं. पाण्यात ध्वनी ऐकणारी उपकरणं टाकायचं आणि खाली कुठं पाणबुडीची घरघर येते का, ते कान देऊन ऐकायचं.

तिसरं म्हणजे छोटं हेलिकॉप्टर, आपलं चेतक. त्याची ड्यूटी अशी, की डेकवरून विमानं उडायच्या आधी ते उडणार आणि सगळी विमानं उतरल्यावर सगळ्यात शेवटी उतरणार. कुणी पाण्यात पडलं तर उचलायला. लग्नघरात आधी उठून शेवटी जेवणारी एखादी आत्या असते ना, तसं.

डेक, गोफण आणि वारा

इथं थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

विक्रांत सुमारे २१३ मीटर लांब. विमानतळाची धावपट्टी दोन-अडीच किलोमीटरची असते. मग एवढ्याशा जागेतून विमान उडतं कसं? तीन गोष्टींनी. एक, कॅटापल्ट. ही वाफेवर चालणारी गोफणच समजा. विमानाला तिच्यात अडकवायचं आणि दोन-तीन सेकंदांत पुढं भिरकावून द्यायचं. दुसरी, जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवायचं. आणि तिसरी, जहाज शक्य तेवढं जोरात पळवायचं. पतंग उडवताना वारा पडला की आपण पळत सुटतो, तेच हे. समोरून जेवढी हवा जास्त, तेवढे पंख लवकर उचलतात.

उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकतो आणि विमान जागच्या जागी थांबतं. चुकलं तर पुन्हा जोर लावून वर जायचं आणि फेरी मारून परत यायचं.

म्हणजे काय, तर जहाजावर कुठलं विमान ठेवता येईल हे नौदलाच्या इच्छेवर कमी आणि डेकवर जास्त ठरतं. गोफण आहे का? तारा आहेत का? लिफ्टमध्ये विमान मावतं का? पंख घडी होतात का? हे सगळं जुळलं तरच ते विमान त्या जहाजाचं.

१९७१: तडा गेलेला बॉयलर

१९७१ साली युद्ध तोंडावर आलं, आणि विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले होते. पूर्ण वाफ धरता येत नव्हती. वाफ कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे डेकवर हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे भरलेलं विमान उडवायला अडचण. अशा जहाजाला युद्धावर न्यायचं की नाही, यावर नौदलात बरीच चर्चा झाली. शेवटी नेलं. पण बंगालच्या उपसागरात, जिथं शत्रूचं हवाई बळ कमी होतं.

४ डिसेंबरला सकाळी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, दुपारी चितगाव. पुढं खुलना, मोंगला. हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. कमी ऐकलेली गोष्ट अलिझेची. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विक्रांतच्याच मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. ती ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. पण अजून कुणी पाणबुडी आहे की नाही, याची समुद्रात खात्री कोण देणार? कमी वेगानं चालणारं मोठं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. तो धाक मागं असताना सी हॉक पुढं जाऊन लढू शकली, याचं कारण मागं अलिझे आणि सोबतच्या छोट्या युद्धनौका पाण्यावर लक्ष ठेवून होत्या. आणि एवढंच करून अलिझे थांबली नाहीत. अंधारात, जिथं सी हॉक पाठवणं अवघड, तिथं सावकाश उडणारी अलिझे जाऊन बॉम्ब टाकून यायची. सी हॉकच्या तुकडीचे प्रमुख संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, आणि अलिझेच्या तुकडीचे प्रमुख रवी धीर यांना वीर चक्र.

या सोबतच्या नौकांमध्ये एक होती 'कामोर्टा'. तिचे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी. नाव ऐकलंय? पुढं व्हाइस अॅडमिरल झाले, पश्चिम विभागाचे प्रमुख झाले, आणि शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची 'सागर परिक्रमा' ही कल्पना त्यांचीच. निवृत्तीनंतर ते राहायला कुठं आले, तर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. आपल्याच जिल्ह्यात, कोरड्या माळावर. २०१८ साली ते गेले. मला कायम वाटतं, आपण वडूजची माणसं आयुष्यभर समुद्र लांब आहे म्हणत बसलो, आणि विक्रांतची पाठराखण केलेला माणूस तासा-दीड तासाच्या अंतरावर राहत होता. कधी जाऊन भेटलो नाही. ही माझी चुकलेली एस.टी.

एक बलुतेदार कमी पडला तर

आता लेकीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा एक प्रकार वगळला, तर काय बिघडतं? याचं सगळ्यात कडू उत्तर १९८२ च्या फॉकलंड युद्धात मिळालं. आणि त्यात आपल्या ओळखीचं एक जहाज आहे.

ब्रिटिशांचं मोठं विमानवाहू जहाज 'आर्क रॉयल' १९७९ च्या फेब्रुवारीत निवृत्त झालं. त्यावर 'गॅनेट' नावाची विमानं होती. पंख्याची, संथ, दिसायला बेढब. त्यांचं काम एकच: पोटाखालचा रडार घेऊन उंच जायचं आणि लांबून येणारं विमान बघून जहाजाला कळवायचं. आर्क रॉयल गेली, तिच्याबरोबर गोफण गेली, आणि गोफणीबरोबर गॅनेटही गेली. उरलेल्या छोट्या जहाजांवरून ती उडूच शकत नव्हती. खर्च वाचला.

रडार जहाजावर असताना उंच विमानाची गरज काय? मंडळी, खटाव तालुक्यात राहून हा प्रश्न पडायला नको. शेतात उभं राहिलं तर पुढच्या बांधापर्यंत दिसतं. भूषणगडावर चढलं, तर चारी बाजूंचा मुलूख दिसतो. म्हणून तर सपाट माळावरच्या त्या एकट्या टेकडीवर किल्ला बांधला. समुद्रावर बांध नसतो, पण पृथ्वीच गोल आहे. जहाजाच्या डोलकाठीवरच्या रडारला लाटांलगत उडणारं विमान चाळीसेक किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. तोच रडार तीन किलोमीटर उंचीवर नेला, तर दोनशेच्या पुढं दिसतं. हे भूषणगडाचं काम गॅनेट करत होती.

४ मे १९८२. ब्रिटिश ताफ्यात 'शेफील्ड' ही विनाशिका पुढं उभी होती, रडारचा पहारा करत. अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमानं लाटांना घासत आली, एक्झोसे क्षेपणास्त्रं सोडली आणि मागं वळली. एक क्षेपणास्त्र शेफील्डला लागलं. २० खलाशी गेले. जहाज सहा दिवसांनी बुडालं. त्यानंतर ब्रिटिशांनी घाईघाईनं सी किंग हेलिकॉप्टरवर मोठा रडार बसवला. अकरा आठवड्यांत काम केलं, पण ते पोचलं तेव्हा युद्ध संपलं होतं.

नुसती गॅनेट असती तर ते वाचलेच असते, असं छातीठोक कुणी सांगू नये. युद्धात बऱ्याच गोष्टी एकत्र घडतात. पण आंधळेपण किती महाग पडतं हे त्या दिवशी जगातल्या सगळ्या नौदलांना कळलं.

आणि त्या ताफ्याचं मुख्य जहाज कोणतं होतं? 'हर्मिस'. तीच १९८७ साली आपली 'विराट' झाली.

समोरच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. अर्जेंटिनाचं विमानवाहू जहाज होतं 'वेंतिसिंको दे मायो'. ते विक्रांतच्याच घराण्यातलं, चुलत बहीण म्हणा. त्याच्यावरच्या पंख्याच्या 'ट्रॅकर' विमानांनी, म्हणजे त्यांच्या अलिझेनं म्हणा हवं तर, ब्रिटिश ताफा शोधून काढला. पण हल्ला करायची वेळ आली तेव्हा वारा पडला. समुद्र शांत. बॉम्ब भरलेली स्कायहॉक जेट उडवायला पुरेशी हवाच मिळेना. हल्ला रद्द झाला. म्हणजे शोधणारं विमान उडालं, मारणारं राहिलं. १९७१ साली विक्रांतच्या लोकांना ज्या हवेची काळजी लागली होती, तीच ही हवा.

डेक बदलला, संसार बदलला

आता परत विक्रांतकडे. सी हॉक जुनी झाली. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याच्या हंस तळावर नवं विमान आलं, सी हॅरियर. याचं इंजिन वेगळंच. त्याचा झोत खाली वळवता येतो, त्यामुळं विमान हवेत थांबून सरळ खाली उतरतं. तारा नकोत, गोफण नको. डेकच्या टोकाला चढ दिला, ज्याला स्की-जंप म्हणतात, की थोडं पळून त्या चढावरून ते हवेत झेपावतं.

ऐकायला सगळा फायदाच. पण घरात नवीन कपाट आणायचं तर जुनी खाट बाहेर काढावी लागते. विक्रांतवर चढ बांधला गेला आणि गोफण निघाली. १९८७ साली अलिझेनं विक्रांतवरून शेवटचं उड्डाण केलं. अलिझे अजून उडू शकत होती, किनाऱ्यावरून आणखी काही वर्षं उडालीही. पण जहाजावर तिला जागा राहिली नाही. पाणबुडीचं काम सी किंग हेलिकॉप्टरकडं गेलं. ते हवेत थांबून दोरीला बांधलेला सोनार पाण्यात सोडतं आणि ऐकतं. विहिरीत पोहरा सोडल्यासारखं. काम उत्तम करतं, पण अलिझेइतका मोठा टापू एका दमात बघून येऊ शकत नाही.

लांबचं बघणारं? विराटवर आणि विक्रांतवर तेव्हा तसं काहीच नव्हतं. रशियन कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर २००३ साली आली, पोटाखाली मोठी आयताकृती रडारची फळी गरागरा फिरवणारी. म्हणजे शेफील्डचा धडा आपल्या जहाजांवर पोचायला वीस वर्षं लागली.

अमेरिकेनं मोटार एकच घेतली

तुम्ही म्हणाल, हे गरिबाचे हाल झाले, श्रीमंतांचं काय? १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या जहाजावर विमानांचे सात-आठ प्रकार असायचे. एफ-१४ लढायला, ए-६ आणि ए-७ बॉम्ब टाकायला, एस-३ पाणबुडीसाठी, हॉकआय लांबचं बघायला, प्राउलर शत्रूचे रडार आंधळे करायला, शिवाय हेलिकॉप्टर.

पण प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळे सुटे भाग, वेगळे मेकॅनिक, वेगळी हत्यारं, वेगळं प्रशिक्षण. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, जीप, टेम्पो आणि तीन कंपन्यांच्या मोटारसायकली आहेत, त्याला विचारा. गॅरेजवाल्याचं घर तोच चालवतो. म्हणून त्यांनी एकाच एफ-१८ कडं बरीचशी कामं सोपवली. ए-६ १९९७ मध्ये गेलं, एफ-१४ २००६ मध्ये, एस-३ २००९ मध्ये. सोय झाली, पण किंमतही मोजली. दुसऱ्या विमानांना हवेत इंधन पाजायचं काम आधी वेगळी विमानं करायची, ते आता लढाऊ एफ-१८ लाच करावं लागतं. म्हणून आता त्यासाठी बिनवैमानिकाचं वेगळं विमान तयार करताहेत. फिरून पुन्हा नवा बलुतेदार. पण एक गोष्ट त्यांनी कधीच सोडली नाही: लांबचं बघणारं हॉकआय.

म्हणजे लेकीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. 'एकच चांगलं घ्या' हे जगभरातल्या हिशेबनिसांचंही म्हणणं आहे. प्रश्न एवढाच, की कुठला प्रकार सोडता येतो आणि कुठला नाही.

आज आपल्याकडं काय

२०१३ साली रशियाकडून 'विक्रमादित्य' आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेली नवी विक्रांत नौदलात आली. माझा मामेभाऊ एर्नाकुलमला गलाईच्या धंद्यात आहे. आपल्या खटाव-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले केरळात किती आहेत, तुम्हाला माहीत आहेच. तो सांगतो, जहाज बांधून होईपर्यंत गोदीकडं बघायची सवयच लागली होती. २६२ मीटर लांब. तीसेक विमानं आणि हेलिकॉप्टर मावतील असं.

त्यावर मिग-२९के लढायला, कामोव्ह-३१ लांबचं बघायला, २०२४ पासून अमेरिकन एमएच-६०आर पाणबुडीसाठी, आणि आपलंच ध्रुव हेलिकॉप्टर. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार झाला. अलिझेनंतर पुन्हा फ्रेंच विमान आपल्या डेकवर येणार. राफेलचे पंख घडी होत नाहीत, आणि जहाज आखलं होतं मिगच्या मापानं. त्यामुळं लिफ्ट आणि हँगरमधली जागा हा हिशेब काटेकोर करावा लागणार.

आणि गोफण? आपल्या दोन्ही जहाजांवर नाही. चढ आहे आणि तारा आहेत. लढाऊ विमान चढावरून उडतं, कारण त्याच्या इंजिनात तेवढी ताकद असते. हॉकआयसारखं जड, पंख्याचं विमान गोफणीसाठीच बनलेलं. त्यामुळं आपला भूषणगड म्हणजे कामोव्ह-३१ हे हेलिकॉप्टरच. ते हॉकआयइतकं उंच जात नाही आणि तितका वेळ हवेत टिकत नाही. चीनचं 'फुजियान' २०२५ मध्ये सेवेत आलं ते विजेवर चालणारी गोफण घेऊन, आणि लांबचं बघणारं पंख्याचं विमानही त्यांनी त्यावरून उडवून दाखवलंय. आपल्या पुढच्या जहाजाबद्दल बातम्या येतात, तेव्हा टनांचे आणि कोटींचे आकडे वाचतो आपण. मी आता एकच गोष्ट शोधतो: गोफण असणार की नाही? त्यावर पुढच्या चाळीस वर्षांची विमानं ठरणार आहेत.

शेवटचं

पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ साली दारुखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादातून बजाजनं मोटारसायकल काढली, तुमच्यापैकी कुणाकडं असेलही. विराटला सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं होतं, पण ते झालं नाही, २०२० मध्ये ती अलंगला गेली. गलाईत सोनं वितळलं तरी सोनंच राहतं. जहाज वितळलं की नुसतं पोलाद उरतं. त्यावर कोण कुठं उभं होतं, हे सांगायला मग बोगमाळोची ती विमानंच उरतात.

लेकीला हे सगळं सांगितलं, थोडं थोडं करून, तीन-चार रात्री. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते ढबं विमान महत्त्वाचं होतं? मी त्याचा फोटोच काढला नाही."

म्हटलं, मीही नव्हता काढला. परत जाऊ.

तुम्हीही गोव्याला गेलात तर एक तास तिकडं द्या. सी हॉक आणि सी हॅरियर बघालच, ती दिसतातच देखणी. अलिझेपाशी जरा जास्त थांबा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.